गावातली शाळा चालवतं कोण? गोव्यातल्या शाळांच्या नेतृत्वाविषयी

शाळा चांगली चालली आहे की नाही, हे गावात लोक बहुधा तीन गोष्टींवरून ठरवतात. इमारतीला रंग दिलाय का, शिक्षक वेळेवर येतात का आणि स्नेहसंमेलन चांगलं झालं का. तिन्ही गोष्टी महत्त्वाच्याच आहेत. पण तिसरीतलं मूल नवा धडा स्वतःहून वाचतं का, हातच्याच्या वजाबाकीत ते कुठे अडतं आणि अडलं तर शाळेत कुणाच्या लक्षात येतं का, हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. शाळेचं नेतृत्व हा विषय मला तिथूनच समजावून सांगावासा वाटतो. मुख्याध्यापकाची खुर्ची, सही, शिक्का हे सगळं त्यानंतर येतं.

२०११च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती. राज्य लहान, रस्ते बरे, दरडोई उत्पन्न देशात वरच्या पंगतीत. त्यामुळे शाळांच्या अडचणी म्हटल्या की आपल्याला दूरची राज्यं आठवतात. पण सत्तरी तालुक्यातलं सुर्ला, सांग्यातलं नेत्रावळी, काणकोणातलं खोतीगाव किंवा गावडोंगरी इथल्या वाड्यांवरच्या सरकारी प्राथमिक शाळा पाहिल्या की गोव्यातही दोन गोवे आहेत हे कळतं. पहिली ते चौथी मिळून वीस-पंचवीस मुलं, कधी त्याहूनही कमी. शिक्षक दोन, पुष्कळ ठिकाणी एकच.

शाळा इतक्या लहान का, याचं उत्तर इतिहासात आहे. पोर्तुगीज काळात मराठी शिक्षण मुख्यतः लोकांच्या बळावर, देवळांच्या आणि गावच्या आश्रयाने चाललं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, १९६३च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी, वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. लहान मुलाला चालत जाता येईल इतक्या जवळ शाळा हवी, हा त्यामागचा विचार होता आणि तो आजही बरोबर आहे. त्या शाळांमुळे शिकलेली पहिली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. मधल्या काळात घरात मुलं कमी झाली. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण प्रजनन दर १.३ निघाला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दीड मूलही नाही. त्यात पालकांचा ओढा शहराजवळच्या अनुदानित शाळांकडे आणि इंग्रजी माध्यमाकडे. अनुदानित विद्यालयांना बालरथाच्या बसगाड्या मिळाल्या, तेव्हा घरासमोरून मूल घेऊन जाणारी गाडी आणि वाड्यावरची शांत शाळा यांत पालकाने काय निवडलं असेल, हे सांगायला नको. माध्यमाच्या वादात मी इथे शिरत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण बऱ्याच गोष्टी तिथे उलगडतात. शिक्षण हक्क कायदा २००९चा, तो अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. वर्गावरच्या शिक्षकांव्यतिरिक्त स्वतंत्र मुख्याध्यापक मात्र पटावर १५०हून जास्त मुलं असतील तरच. गोव्यातल्या किती सरकारी प्राथमिक शाळांचा पट १५०च्या वर जातो, याचा अंदाज कुणालाही येईल. म्हणजे आपल्या बहुतेक गावांत मुख्याध्यापक नावाची वेगळी व्यक्तीच नसते. जे सर किंवा ज्या बाई शिकवतात, त्यांच्याकडेच शाळेचा चार्ज असतो.

चार्ज म्हणजे काय, हे बाहेरच्यांना दिसत नाही. हजेरीपट, प्रवेश नोंदवही, दाखले. यूडायस या सरकारच्या शाळांविषयीच्या माहितीच्या पोर्टलवर प्रत्येक मुलाची माहिती भरायची, आधारवरच्या नावाशी जुळत नसेल तर पालकांना बोलावून दुरुस्ती करायची, विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक म्हणजे अपार क्रमांक काढायचा. माध्यान्ह आहार, ज्याचं नाव २०२१पासून पीएम पोषण आहे, तो गोव्यात बहुतेक ठिकाणी महिलांचे बचत गट पुरवतात. पावभाजी आली की मुलं मोजायची, आधी स्वतः चव घेऊन बघायची, नोंद करायची. गणवेश, पाठ्यपुस्तकं, आरोग्य तपासणीचा दिवस. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून माहिती मागवली जाते, ती बहुधा आजच हवी असते. पावसात छत गळू लागलं तर पत्र लिहायचं, आणि काम साधनसुविधा महामंडळाकडे आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, याचा पाठपुरावा करायचा. यातलं एकही काम फालतू नाही. मुलाचा दाखला चुकला तर पुढे दहा वर्षं त्याला त्रास होतो. पण ही सगळी कामं त्याच माणसाच्या डोक्यावर आहेत ज्याने त्याच वेळी पहिलीच्या मुलांना अक्षर ओळखायला शिकवायचं आहे.

हिशोब मांडला की याचं वजन कळतं. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. एकशिक्षकी शाळेत रोज एक तास कागदांत आणि फोनवर गेला, तर वर्षाचे २०० तास गेले. ८०० मधले २००, म्हणजे मुलांच्या शिकण्याचा चौथा हिस्सा. मोठ्या हायस्कुलात मुख्याध्यापक कार्यालयात बसले तरी तास सुरूच राहतात. वाड्यावरच्या शाळेत बाई टेबलापाशी बसल्या की शाळेतलं शिकवणं तेवढा वेळ थांबतं. शाळेच्या व्यवस्थापनावर बोलताना हा फरक आपण विसरतो, आणि मला वाटतं आपल्याकडची सगळ्यात मोठी गफलत हीच आहे. ४०० मुलांच्या विद्यालयासाठी आखलेली कागदपत्रांची रचना आपण १४ मुलांच्या शाळेलाही जशीच्या तशी लावतो.

उरलेल्या तीन तासांतही चार इयत्ता आहेत. प्रत्येकीला वेगळं शिकवायचं ठरवलं तर एका इयत्तेच्या वाट्याला रोज ४५ मिनिटं येतात आणि बाकीचा वेळ ती मुलं आपापली बसतात. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि ते चुलीवर एका वेळी चार भांडी सांभाळण्यासारखं कौशल्याचं काम आहे. ज्यांना ते जमतं त्या शिक्षिका काय करतात हे पाहण्यासारखं असतं. पहिली-दुसरी एका गटात, तिसरी-चौथी दुसऱ्या. एका गटाला तोंडी काम, त्याच वेळी दुसऱ्याला लिखाण. गोष्ट सगळ्यांना मिळून एकच, पण पहिलीतलं मूल तिच्यावर चित्र काढतं, दुसरीतलं त्यातले शब्द लिहितं आणि चौथीतलं शेवट बदलून पाहतं. मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतात, आणि त्यात मोठ्यांचंही वाचन सुधारतं. गणितात मात्र इयत्तेपेक्षा मूल कुठे पोचलंय ते बघून गट करावे लागतात, कारण चौथीतल्या एखाद्याला अजून दशक-एकक पक्कं नसतं. हे नियोजन आदल्या दिवशी करावं लागतं. कायद्यात शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे तो याचसाठी. माझ्या मते लहान शाळेतलं खरं नेतृत्व म्हणजे ही तयारी. वेळापत्रक कसं लावलं, गट कसे पाडले, मागे राहिलेल्या तीन मुलांसाठी दिवसातली वीस मिनिटं कुठून काढली, यावर त्या शाळेचं वर्ष ठरतं.

जगभरच्या अभ्यासांतूनही बोट इथेच येऊन थांबतं. कॅनडातले केनेथ लीथवूड आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की शाळेच्या आत मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा होतो आणि त्यानंतर नेतृत्वाचा. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. प्रमुखाच्या कुठल्या कामाचा मुलांना सर्वांत जास्त उपयोग होतो, हा त्यांचा प्रश्न होता. ध्येय ठरवणं, साधनं मिळवणं, शिस्त राखणं या सगळ्याचा थोडाफार उपयोग होतोच. पण सर्वांत वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं. म्हणजे मुख्याध्यापकाने प्रशिक्षणाचा आदेश काढून गप्प बसायचं नाही, स्वतःही शिक्षकांबरोबर बसून शिकायचं.

दुसरा एक अभ्यास आपल्या देशाच्या जास्त जवळचा आहे. मध्य प्रदेशात सरकारी शाळांसाठी एक मोठा कार्यक्रम आखला गेला. शाळांची बाहेरून सविस्तर तपासणी व्हायची, त्यावरून प्रत्येक शाळेने सुधारणा आराखडा तयार करायचा आणि अधिकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा करायचा. कागदावर यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह या अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोरपणे तपासलं तेव्हा दिसलं, की तपासण्या झाल्या, आराखडेही झाले, पण शिक्षकांची हजेरी, वर्गातलं शिकवणं, मुलांचं शिकणं यांतलं काहीच हललं नाही. तरीही कार्यक्रम पुढे देशभर पसरवला गेला, कारण आराखडे तयार होणं हेच यश धरलं गेलं. पोर्टल भरलं म्हणजे शाळा सुधारली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. शाळेला मोजणं सोपं असतं. मोजल्यानंतर त्या बाईंच्या बाजूला बसून, मुलांना वाचनात कुठे अडतंय ते बघून वाट दाखवणारं माणूस लागतं, आणि नेमकी तीच जागा आपण रिकामी ठेवतो.

आता पैशांबद्दल. समग्र शिक्षा ही केंद्राची योजना २०१८ पासून चालते. तिच्या निकषांत शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत १० हजार, ३१ ते १०० मुलांना २५ हजार, पुढे पट वाढेल तसं वाढत एक लाखापर्यंत. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी. लहान शाळेच्या हाती महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये येतात. त्यात रजिस्टरं, खडू, मोडलेलं साहित्य, नळाची तोटी. इमारत, पगार, पुस्तकं हा खर्च सरकार वेगळा करतं हे खरं. पण शाळेला स्वतःच्या निर्णयाने, आमच्या मुलांना हे हवं आहे असं म्हणून खर्च करायला जे मिळतं ते एवढंच. मुख्याध्यापकाच्या हाती अधिकार किती, याचा आकडा हवा असेल तर तो इथे आहे.

याच पैशांवर देखरेख ठेवायचा अधिकार पालकांना आहे आणि पुष्कळ पालकांना तो माहीत नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक आणि सहा महिला. उरलेल्या जागांवर पंचायतीचे पंच, शिक्षक, गावातलं शिक्षणाची जाण असलेलं माणूस. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, अनुदान कसं खर्च झालं ते पाहणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं ही तिची कामं. अल्पसंख्याक शाळांत २०१२च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्लागार असते.

प्रत्यक्षात काय होतं, तेही सांगायला हवं. समितीच्या बैठकीत एखादी आई म्हणते, ‘आम्हांला त्यातलं काय कळतं, बाई सांगतील तसं,’ आणि वही सहीसाठी फिरते. त्यात त्या आईचा दोष नाही. तिला कुणी आराखडा म्हणजे काय ते सांगितलेलं नसतं, बैठक भरते ती तिच्या कामाच्या वेळेत, आणि ज्या बाईंकडे आपलं मूल दिवसभर असतं त्यांना प्रश्न विचारणं अवघड वाटतं. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी ग्रामशिक्षण समित्यांचा अभ्यास केला होता. बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हतं, काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेही माहीत नव्हतं. मग बैठका घेऊन अधिकारांची माहिती दिली गेली. त्यानेही समित्या जाग्या झाल्या नाहीत. फरक पडला तो तिसऱ्या प्रकाराने. गावातल्या तरुणांना मुलांना वाचायला कसं शिकवायचं याचं छोटं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी संध्याकाळचे वर्ग घेतले, तेव्हा तिथे गेलेली मुलं वाचू लागली. मला यातून जे दिसतं ते असं, की लोकांना अधिकाराचा कागद देऊन भागत नाही, हाताला नेमकं काम द्यावं लागतं. आपल्या गावांत शिगमो (होळीचा उत्सव) आणि चवथ (गणेशचतुर्थी) उभी करणारी माणसं कमी नाहीत. शाळेसाठी त्यांना कुणी ठरावीक काम सोपवलेलं नसतं.

अनुदानित विद्यालयांची गोष्ट थोडी निराळी. गोव्यात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार याच संस्थांवर आहे. पगार सरकार देतं, कारभार १९८४च्या शालेय शिक्षण कायद्याखाली आणि १९८६च्या नियमांखाली संस्थेचं व्यवस्थापन बघतं. इथे मुख्याध्यापक पूर्णवेळ असतात, पण बढतीत सेवाज्येष्ठतेला मोठं वजन असतं. वीस-पंचवीस वर्षं उत्तम गणित शिकवलेले सर एका सोमवारी मुख्याध्यापक होतात आणि त्या दिवसापासून त्यांना सेवापुस्तिका, रजेचे नियम, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची मर्जी, पालक-शिक्षक संघ, माहिती अधिकाराचे अर्ज हे सगळं येतं, जे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. इतर शिक्षकाच्या वर्गात बसून त्याला न दुखावता काय सांगायचं, हे तर त्याहून कठीण. त्यासाठी शिकावंच लागतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्याध्यापकांसाठी वर्षाला ५० तास नेतृत्व आणि व्यवस्थापनाचं प्रशिक्षण सुचवलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते प्रशिक्षण खुर्ची मिळण्याआधी सुरू व्हावं, आणि त्यातले निम्मे तास पर्वरीच्या सभागृहात न घालवता दुसऱ्याच्या शाळेत, चालू वर्गात घालवावेत.

लहान सरकारी शाळांसाठी दोन वाटा सांगितल्या जातात. एक, शाळा बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत नेणं. कधी ते योग्यही असतं, कारण पाच मुलांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाहीत. पण सहा वर्षांच्या मुलीला रानातल्या रस्त्याने आणि जुलैच्या पावसात रोज लांब पाठवायचं, तर गाडीची हमी आधी हवी. दुसरी वाट कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ मध्येच सुचवली होती आणि २०२०च्या धोरणाने ती पुन्हा मांडली. पाच ते दहा किलोमीटरच्या टापूतलं एक माध्यमिक विद्यालय, त्याभोवतीच्या प्राथमिक शाळा आणि अंगणवाड्या मिळून एक शाळा संकुल करायचं.

गोव्याच्या आकाराला ही कल्पना फार जुळते. संकुलात एक कारकून नेमून सगळ्या शाळांची पोर्टलं आणि पत्रव्यवहार त्याच्याकडे दिला, तर बाईंचा तो रोजचा तास वर्गाला परत मिळतो. एखाद्या शिक्षिकेला रजा लागली तर बदली शिक्षक संकुलातून जातो, शाळेला कुलूप लागत नाही. चित्रकला, संगीत, खेळ यांचे शिक्षक वार लावून फिरू शकतात. आणि महिन्यातून एकदा पाच-सहा शाळांच्या शिक्षिका एकत्र बसून आपापल्या अडलेल्या मुलांविषयी बोलू शकतात. रॉबिन्सन यांच्या अभ्यासात सर्वांत वर आलेलं काम ते हेच, आणि एकशिक्षकी शाळेत ते एरवी अशक्य आहे, कारण बोलायला दुसरं कुणी नसतंच. धोका एकच दिसतो. संकुलप्रमुखाच्या नावाने आणखी एक टेबल वाढलं आणि तिथूनही माहिती मागवली जाऊ लागली, तर आहे तो वेळही जाईल. म्हणून संकुलाच्या आदेशात कोणती कामं प्राथमिक शाळेकडून काढून घेतली, याची यादी आधी असावी.

पालक म्हणून तुम्ही समितीवर असाल तर आराखड्याचं काम डिसेंबरपर्यंत उरकायचं लक्षात ठेवा. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार व्हावा अशी अपेक्षा असते, म्हणजे पुढच्या वर्षाच्या पैशांत त्याचा विचार होऊ शकतो. चवथीची सुट्टी संपली की बैठक बोलवायला सांगा, आणि ती संध्याकाळी ठेवायला सांगा. गेल्या वर्षीच्या अनुदानाचा हिशोब आणि इतिवृत्ताची वही बघायला मागा. कोणती मुलं अजून वाचत नाहीत आणि त्यांच्यासाठी दिवसातली कोणती वेळ राखली आहे, ते बाईंना विचारा. वेळ राखता आली नसेल तर कोणत्या कामाने ती खाल्ली, तेही विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य एवढं सोडून शिक्षकाला शाळाबाह्य कामाला लावता येत नाही. त्याबाहेरचं काही लागलं असेल, तर समितीचा ठराव करून तो भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. एकट्या शिक्षिकेला जे वर बोलता येत नाही, ते नऊ पालकांच्या सह्यांनिशी बोलता येतं.